सॅटचे कुठले स्कोअर पाठवायचे आणि कुठले गिळून टाकायचे?

मोगरा_एडिसन | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय कारण घरात गेले दहा दिवस महाभारत चालू आहे आणि दिवाळीआधी ते संपवायचंय. कन्यारत्न सीनियर इयरला (आपली बारावी) आहे, इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स म्हणतेय. मार्चमध्ये सॅट (इथल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) दिली, १४३० आले (इंग्लिश ६९०, मॅथ ७४०). जूनमध्ये मैत्रिणींबरोबर कागदावरची एसीटी (तशीच दुसरी परीक्षा, ३६ पैकी) दिली, ३३. मग ऑगस्टमध्ये परत सॅट, १४७०, पण गंमत बघा, इंग्लिश ७५० झालं आणि मॅथ घसरून ७२०. आता पोरगी म्हणते बास, मी परत बसणार नाही, माझे शनिवार मला परत द्या.

कॉलेजांची यादी आहे रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, जॉर्जिया टेक, कॉर्नेल, दोन यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (बर्कली आणि सॅन डिएगो) आणि एक जॉर्जटाउन. जॉर्जटाउन का ते विचारू नका, नवऱ्याच्या साहेबांची मुलगी तिथे आहे.

नवरा म्हणतो सगळं पाठवायचं, लपवाछपवी करायची नाही, आपण दिलेली परीक्षा आपण मान्य करायची. मी म्हणते ७२० कशाला दाखवायचे, ते बघून मॅथ कच्चं आहे म्हणतील. लेक म्हणते कुठेच काही पाठवू नका, सगळं टेस्ट ऑप्शनल आहे, स्कोअर ऐच्छिक. तिघांचं तीन दिशांना तोंड. नेमकं काय करतात लोक?

रिकामटेकडा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी पयला. चहा ठेवलाय, बसतो. आमचा अजून सातवीत आहे पण धागा वाचनखुणांत टाकलाय.

खडूस_काका | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मोगरा, तीनही माणसं थोडी थोडी बरोबर आहेत आणि तिघंही एकाच चुकीत आहेत. तुम्ही नऊ कॉलेजांना मिळून एक उत्तर शोधताय. तसं नसतं हो. प्रत्येक कॉलेजचं वेगळं उत्तर. कागद घ्या, नऊ ओळी आखा आणि प्रत्येकापुढे लिहा की त्यांना स्कोअर लागतोच, चालतो, का बघतच नाहीत.

दोन यूसी आधी खोडा. यूसी सॅट बघतच नाही. ऑप्शनल नव्हे, अ‍ॅडमिशनच्या निर्णयात धरतच नाहीत. २०२० मध्ये त्यांच्या रीजंट्सनी (नियामक मंडळाने) ठराव केला आणि मग ते कायमचं झालं. तिथे १६०० असले तरी तेवढेच आणि ९०० असले तरी तेवढेच. त्यामुळे तिथे वाद घालून घसा कोरडा करू नका.

दुसऱ्या टोकाला पर्ड्यू, जॉर्जिया टेक, कॉर्नेल, जॉर्जटाउन. यांना लागतोच. कॉर्नेलला मधली काही वर्षं सूट होती, यंदाच्या बॅचपासून परत सक्ती. म्हणजे तुमच्या लेकीचं 'सगळं ऑप्शनल आहे' हे तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलांचं ज्ञान आहे, ते आता शिळं झालंय. एमआयटीने २०२२ ला सक्ती परत आणली, मग २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली, स्टॅनफर्डनेही त्याच वर्षी जाहीर केलं, पेननेही २०२५ मध्ये. कोलंबिया मात्र अजून ऑप्शनलच.

उरले रटगर्स, मिशिगन, इलिनॉय. ही ऑप्शनल. खरा विचार फक्त या तिघांसाठी करायचाय. नऊचा प्रश्न तीनवर आला की नाही?

मोगरा_एडिसन | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:३२

काका, कालपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पण ते लागतोच वाल्यांना कुठला पाठवू? ७२० चं काय?

चिंगी_पर्ड्यू | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

मावशी मी पर्ड्यूत थर्ड इयरला आहे, आई या साईटवर असते म्हणून मीपण 😄. ते ७२० विसरा. सुपरस्कोअर म्हणजे वेगवेगळ्या दिवसांतला प्रत्येक भागातला सगळ्यात चांगला आकडा उचलून बेरीज. तुमच्या केसमध्ये ऑगस्टचं इंग्लिश ७५० आणि मार्चचं मॅथ ७४०, झाले १४९०. म्हणजे एकट्या ऑगस्टपेक्षा २० जास्त, एकट्या मार्चपेक्षा ६०.

पण यातली मेख अशी की कॉलेज बोर्डाकडून (सॅट घेणारी संस्था) स्कोअर तारखेने जातो, भागाने जात नाही. मार्चचं फक्त मॅथ पाठवा असं नाही चालत, पाठवला तर मार्चचा अख्खा दिवस जाणार, ६९० सकट. त्यामुळे सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजला दोन्ही तारखा पाठवायच्याच, नाहीतर ७४० त्यांना मिळणार कुठून. म्हणजे काका (तुमचे मिस्टर) तिथे बरोबर आहेत, फक्त कारण वेगळं.

मोगरा_एडिसन | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

हे बाई मी त्याला सांगणार नाहीये.

जुना_जीआरईवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

हाहा. मोगराताई, तुमच्या मिस्टरांची बाजू घेतो. आमच्या पिढीच्या डोक्यात जे बसलंय ते जीआरईचं, अमेरिकेत एमएसला जायच्या परीक्षेचं. २००३ साली मी पुण्यात पहिला अटेंप्ट दिला तेव्हा ताप होता, व्हर्बलला माती खाल्ली, दुसऱ्यांदा नीट दिली, पण त्या काळी पाच वर्षांतले सगळे स्कोअर जायचे, निवडायची सोयच नव्हती, ती स्कोअरसिलेक्ट नावाची भानगड २०१२ ला आली. तर माझे दोन्ही गेले आणि पुढची दोन वर्षं मला वाटत होतं की प्रत्येक प्रोफेसर माझ्याकडे बघून तो पहिला आकडा आठवतोय. आणि वर तेव्हाची जीआरईपण १६०० पैकीच होती, त्यामुळे आमच्या कानावर सॅटचा आकडा पडला की आपोआप जुनं भूत उठतं.

सॅटवाल्यांनी स्कोअर चॉइस २००९ मध्येच आणलं. म्हणजे तारीख निवडून पाठवणं हा त्यांनीच दिलेला अधिकार आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. नवऱ्याला असं सांगा की दहावीच्या प्रिलिमचे मार्क आपण कुणाला सांगत फिरतो का?

टॅम्पाकर | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

एक मिनिट, जॉर्जटाउनला सावध. तिथे स्कोअर चॉइस चालत नाही. दिलेल्या सगळ्या सॅट आणि सगळ्या एसीटी मागतात. त्यांच्या बाबतीत निवड करणं म्हणजे नियम मोडणंच, तिथे मिस्टरांचा प्रामाणिकपणा शंभर टक्के लागू. एसीटीचे ३३ पण जाणार. आमच्या मुलाने आठवीत कुठल्याशा उन्हाळी कार्यक्रमासाठी सॅट दिली होती तर त्याला तेव्हा केवढं टेन्शन की तीपण मोजतात की काय, शेवटी सरळ अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल केली. असं काही असेल तर विचारून घ्या, उत्तर देतात ते.

आमच्या फ्लोरिडात हा ऑप्शनल प्रकार कधी आलाच नाही, कोविडमध्येसुद्धा सरकारी विद्यापीठांना स्कोअर लागायचाच. शिवाय राज्याची ब्राइट फ्यूचर्स स्कॉलरशिप आहे तिला पण सॅट, एसीटीसारखी परीक्षा लागते. त्यामुळे इकडची पोरं न कुरकुरता देतात.

अभ्यासू_मांजर | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

उरलेल्या तीन ऑप्शनल कॉलेजांबद्दल लिहिते, गेल्या वर्षी मुलासाठी यात इतकी बुडाले होते की नवऱ्याने एक्सेल लपवून ठेवली होती.

गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे कॉमन डेटा सेट असं टाका. बहुतेक कॉलेजं दरवर्षी हा एकाच साच्यातला दस्तऐवज काढतात. त्यात सी विभागात सी-९ बघायचं. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी सॅटचा स्कोअर पाठवला, किती टक्क्यांनी एसीटीचा, आणि पंचविसावा, पन्नासावा, पंचाहत्तरावा पर्सेंटाइल कुठे पडतो ते असतं, भागवार सुद्धा. सी-७ मध्ये त्या कॉलेजला कशाचं किती महत्त्व आहे ते, म्हणजे शाळेचे ग्रेड, निबंध, टेस्ट वगैरे.

आता बायका (आणि बाप्ये) काय करतात, तो मधला आकडा बघतात आणि आपल्या मुलाचा त्याखाली असला की झाकून टाकतात. मी पण तेच केलं होतं. पण जरा थांबून विचार करा. ऑप्शनल झाल्यावर कमी स्कोअरवाल्यांनी पाठवणंच बंद केलं, मग जे उरले त्यांचा आकडा फुगणारच ना. लग्नाच्या अल्बममध्ये फक्त चांगले फोटो लावले की सगळे नातेवाईक देखणे दिसतात, तसं आहे ते. म्हणून किती टक्क्यांनी पाठवला तो आकडा शेजारी ठेवून वाचायचं. निम्म्याच मुलांनी पाठवला असेल तर तो मधला आकडा अख्ख्या वर्गाचा नाही. शक्य असेल तर २०१९ च्या आसपासचा जुना डेटा सेट पण काढा, सगळे पाठवायचे तेव्हाचा, म्हणजे फुगवटा किती ते कळतं.

माझा ढोबळ नियम असा की पंचविसाव्याच्या वर असेल तर पाठवावा, आणि इंजिनिअरिंग असेल तर मॅथचा आकडा वेगळा बघावा. पंचविसाव्याच्या खाली असेल तर शाळा बघून ठरवावं.

मोगरा_एडिसन | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४१

शाळा बघून म्हणजे?

अभ्यासू_मांजर | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०२

म्हणजे गाइडन्स काउन्सेलर मुलाच्या अर्जाबरोबर शाळेचा एक प्रोफाइल पाठवतो, त्यात बऱ्याचदा शाळेचं सरासरी सॅट, किती एपी (शाळेतच शिकवायचे कॉलेजच्या तोडीचे विषय) शिकवतात, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात असं असतं. वाचणारा माणूस तुमच्या मुलीला तिच्या शाळेच्या शेजारी उभी करून बघतो. डार्टमथने २०२४ मध्ये सक्ती परत आणली ती याच मुद्द्यावर, त्यांच्याच प्रोफेसरांनी अभ्यास केला तर दिसलं की साध्या शाळांतली, घरच्या अडचणी असलेली मुलं चौदाशेच्या घरातले स्कोअर लपवत होती, आणि ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता कारण त्यांच्या शाळेच्या मानाने ते फार वर होते. मला तर ते वाचून वाईटच वाटलं. ज्याच्याकडे सांगायला कुणी नाही तो पोरगा घाबरून गप्प बसतो, आणि आपण इथे चार दिवस धागे काढून १४७० का १४९० करतोय.

खडूस_काका | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

+१. आणि तुमच्या एडिसनमध्ये मात्र उलटं. तिथे गल्लीत दगड मारला तर १५२० वाल्याला लागतो.

मोगरा_एडिसन | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२३

काका 😭 तुम्ही शेजारीच राहता का?

खडूस_काका | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३५

नेपरव्हिल, शिकागोजवळ. इथेही तीच कथा, फक्त बर्फ जास्त. पण म्हणून १४९० लपवायचा नाही. लपवला तर तुमच्या शाळेतून आलेल्या अर्जात वाचणारा काय समजेल? ज्या शाळेत जवळजवळ प्रत्येक पोर दोनदा सॅट देतं तिथून रिकामी जागा आली की माणूस तिथे १४९० भरत नाही, त्याहून कमीच भरतो. कॉलेजं सांगतात की न पाठवल्याने तोटा नाही आणि मी त्यांना खोटं म्हणत नाही, पण वाचणारी शेवटी माणसं असतात. तिन्हीकडे पाठवा. हे माझं मत, कुणाचं वेगळं असेल तर भांडा.

रिकामटेकडा | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:००

मी भांडतो, तसंही मीटिंग कंटाळवाणी आहे. काका, रिकाम्या जागेचा एवढा संशय घ्यायचा तर मग ऑप्शनल शब्दाला अर्थ काय राहिला? आमच्या ऑफिसमधल्या एकाची मुलगी काहीही न पाठवता चांगल्या ठिकाणी गेली, लिबरल आर्ट्सला. बोडन कॉलेज १९६९ पासून ऑप्शनल आहे, बेट्स १९८४ पासून. त्यांचं काही अडलं नाही.

खडूस_काका | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:१८

बोडनला पन्नासहून जास्त वर्षांची सवय आहे न बघता वाचायची, आणि तिथली वाचणारी माणसं अर्ज सावकाश वाचतात. मिशिगन इंजिनिअरिंगला येणाऱ्या ढिगाऱ्याशी त्याची तुलना नको. पण मुद्दा मान्य, मुलगी इंग्लिश लिटरेचरला जात असती आणि मॅथ ५९० असतं तर मीही म्हटलं असतं की ठेवा झाकून.

चिंगी_पर्ड्यू | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

एसीटीचं कुणी बोललंच नाही. मावशी, कॉलेज बोर्ड आणि एसीटी दोघांनी मिळून २०१८ मध्ये तुलनेचा तक्ता काढलाय. त्यात ३३ म्हणजे साधारण १४५० ते १४८०, आणि ३४ म्हणजे १४९० ते १५२०. म्हणजे तुमचा सुपरस्कोअर १४९० हा ३४ च्या घरात, एसीटी ३३ त्याच्या एक पायरी खाली. मग ती पाठवून नवीन काहीच कळत नाही. दोन्ही परीक्षा एकमेकींत मिसळून सुपरस्कोअर होत नाही हे पण लक्षात ठेवा, सॅटचं मॅथ आणि एसीटीचं इंग्लिश अशी खिचडी चालत नाही. एसीटीत चार भागांचे किती होते?

मोगरा_एडिसन | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

इंग्लिश ३५, मॅथ ३१, रीडिंग ३५, सायन्स ३१.

चिंगी_पर्ड्यू | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२२

मग तर नकोच. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीचे नेमके मॅथ आणि सायन्सच कमी दिसतायत. एसीटी फक्त जॉर्जटाउनला, कारण तिथे पर्याय नाही.

कोथरूडकरीण | १३ ऑक्टोबर, रात्री ११:५८ (इथे १४ ची सकाळ उजाडली)

मी पुण्याहून विचारते, धागा अपहरण करतेय त्याबद्दल माफी. मुलगा सीबीएसई बारावीत, सॅट एकदाच दिली, १३८० (इंग्लिश ६२०, मॅथ ७६०). पर्ड्यू, पेन स्टेट, यूमास अ‍ॅम्हर्स्ट, अ‍ॅरिझोना स्टेट असं डोक्यात आहे. इथल्या एका काउन्सेलिंगवाल्याने भरपूर पैसे घेऊन एका वाक्यात निकाल दिला की १४०० च्या खालचा स्कोअर कुठेही दाखवायचा नाही, परत द्या. डिसेंबरची सॅट आणि बोर्डाची प्रॅक्टिकल्स एकमेकांच्या उरावर येतायत, शिवाय जेईई मेनपण जानेवारीत. आपल्याकडे जेईई मेनचं बरं आहे हो, जानेवारी आणि एप्रिल, दोन्ही दिल्या तर जो चांगला तो ते स्वतःच धरतात, आईबापांना काही ठरवावंच लागत नाही.

अभ्यासू_मांजर | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

कोथरूडकरीण, अपहरण कसलं, हाच विषय आहे. पण जेईईत अख्ख्या पेपरचा चांगला स्कोअर धरतात, जानेवारीचं फिजिक्स आणि एप्रिलचं मॅथ असं जोडत नाहीत. ती चैन फक्त सॅटवाल्यांना.

१४०० च्या खाली कुठेही नको हा नियम त्या काउन्सेलरने स्वतःच्या सोयीसाठी बनवलाय, कॉलेजप्रमाणे बघायचे कष्ट वाचतात. पर्ड्यूला तर स्कोअर लागतोच, तिथे दाखवायचा नाही म्हणजे काय, अर्जच करायचा नाही? बाकीच्या तीन ठिकाणी लागत नाही. तिथे प्रत्येकाचं सी-९ काढा आणि मुलाचे १३८० त्या पट्ट्यात कुठे बसतात बघा. पट्ट्याच्या आत असतील तर पाठवायला काहीच हरकत नाही, आणि इंजिनिअरिंगसाठी ७६० मॅथ हा दाखवण्यासारखाच आकडा आहे. फक्त त्या तारखेचे दोन्ही भाग जाणार, इंग्लिशचे ६२० पण दिसणार, ते ठीक आहे का एवढंच ठरवायचं. शिवाय सीबीएसईचे मार्क अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला पटकन उमगतीलच असं नाही, तिथे सॅट हे एक ओळखीचं माप होतं. परदेशी मुलांसाठी मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. आणि काही कॉलेजं सॅटचा इंग्लिश भाग पुरेसा असेल तर टोफल (परदेशी मुलांची इंग्रजीची परीक्षा) माफ करतात, ते प्रत्येकाच्या साईटवर बघा, एक परीक्षा आणि एक फी वाचेल.

टॅम्पाकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. सॅटला नाव नोंदवताना चार कॉलेजांना फुकट रिपोर्ट पाठवायची सोय असते आणि परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत ती वापरता येते. पण स्कोअर लागतो साधारण दोन आठवड्यांनी. आलं का लक्षात? म्हणजे फुकट हवं असेल तर डोळे मिटून पाठवा. नंतर पाठवायचा तर दर कॉलेजला पंधराएक डॉलर. आम्ही मोठ्याच्या वेळी कोकणस्थी बाणा दाखवून फुकटात चार पाठवले आणि नेमका तोच दिवस बिघडलेला निघाला. घरात उत्पन्न कमी असून फी वेव्हर (फीमाफी) मिळाला असेल तर मात्र कितीही रिपोर्ट फुकट, ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बरं, आणि पाठवायची घाईही नको. खूपशी कॉलेजं आता कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज) मुलाने स्वतः भरलेला स्कोअर धरतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश घेतल्यावर मागतात. त्यामुळे नऊ गुणिले पंधरा असा हिशोब करून छातीत धडधड करून घेऊ नका, आधी प्रत्येक साईटवर वाचा.

मोगरा_एडिसन | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

एपीचं पण सांगा ना कुणीतरी, कॅल्क्युलस एबीला ५, फिजिक्सला ४ आणि इंग्लिश लँग्वेजला ३. ते ३ सलतायत.

चिंगी_पर्ड्यू | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

कॉमन अ‍ॅपमध्ये एपी आपण स्वतः भरतो, ५ आणि ४ भरायचे, ३ नाही भरले तरी तुमच्या यादीत चालेल. शाळेतला ग्रेड तर दिसणारच आहे. येलला वगैरे वेगळं आहे, तिथे सॅटऐवजी एपी दाखवता येतात पण मग दिलेल्या सगळ्या एपी दाखवायच्या. तुमच्या यादीत येल नाही.

जुना_जीआरईवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१०

एक अनुभवाचा सल्ला. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टची (कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकाची) कॉपी मागवून बघा. काही हायस्कूलं त्यावर सॅट-एसीटीचे आकडे सरळ छापतात. आमच्याकडे तीन महिने चर्चा करून ठरवलेलं गुपित पहिल्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात छापलेलं निघालं. काउन्सेलरला सांगितलं तर काढून देतात, पण सांगावं लागतं आणि पाठवण्याआधी सांगावं लागतं.

खडूस_काका | १४ ऑक्टोबर, रात्री ८:२५

हे भारी आहे. आमच्या इलिनॉयमध्ये अकरावीला सगळ्या मुलांची शाळेतच टेस्ट घेतात, आधी सॅट होती आणि २०२५ पासून एसीटी झाली, त्यामुळे इच्छा असो नसो एक स्कोअर प्रत्येकाच्या नावावर असतोच. त्याचं काय होतं ते शाळेला विचाराच.

रिकामटेकडा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

मी सातवीच्या मुलाचं ट्रान्सक्रिप्ट मागवू का?

खडूस_काका | १४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

तू मीटिंगला जा.

मोगरा_एडिसन | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

अपडेट द्यायला आले. घरभर चकलीचा वास आहे आणि डायनिंग टेबलवर नऊ ओळींचा कागद आहे.

ट्रान्सक्रिप्ट आधी मागवलं. जीआरईवाले काका, तुमच्या तोंडात साखर पडो. आमच्या शाळेने त्यावर मार्चचे १४३० छापलेले होते, फक्त मार्चचे, ऑगस्टचे नाहीत! म्हणजे आम्ही काहीही न पाठवण्याचं ठरवलं असतं तर नेमका सगळ्यात कमी आकडा तेवढा पोचला असता. काउन्सेलर बाईंनी दोन दिवसांत काढून दिलं, म्हणाल्या की हे दरवर्षी दोनचार जणच विचारतात.

मग तिघं बसलो. पर्ड्यू, जॉर्जिया टेक, कॉर्नेलला सॅटच्या दोन्ही तारखा, एसीटी नाही. यूसीला प्रश्नच नाही. इलिनॉय आणि मिशिगनचं सी-९ काढलं, त्यावर लेक आणि मी तासभर बोललो, आणि खरं सांगू तर गेल्या दोन महिन्यांत आमचं एवढं न भांडता बोलणं झालंच नव्हतं. ती म्हणाली आई मला लपवायचं नव्हतंच, मला फक्त परत परीक्षा द्यायची नव्हती, मला वाटलं पाठवायचं ठरलं की तुम्ही अजून एकदा बसवाल. मला तर हे सुचलंच नव्हतं. मग ठरलं, दोन्हीकडे पाठवायचं आणि परत बसायचं नाही, नवऱ्याकडून तसं कागदावर लिहून घेतलं तिने, सहीसकट.

रटगर्सलाही पाठवतोय. जॉर्जटाउन यादीतून गेलं. नवराच म्हणाला की सगळ्याच परीक्षा मागतात म्हणजे जरा जास्तच आहे.

जुना_जीआरईवाला | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५२

सगळं पाठवा म्हणणारा माणूस तो हाच ना?

मोगरा_एडिसन | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५५

हाच. आता गप्प चकल्या तळतोय.

कोथरूडकरीण | २० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

मोगराताई अभिनंदन आणि सगळ्यांना शुभ दीपावली. अभ्यंगस्नान उरकून लिहितेय. आम्ही डिसेंबरची सॅट सोडली. पर्ड्यूला १३८० जाणार, बाकी तिघांचे सी-९ मुलानेच काढले, दोन ठिकाणी पाठवायचं म्हणतोय आणि एका ठिकाणी नाही. काउन्सेलिंगवाल्याला फोन केला तर म्हणाला तुमची जबाबदारी. म्हटलं बरं. एक शेवटचं विचारते, त्यातल्या एकाचा या वर्षीचा डेटा सेट सापडतच नाहीये, मागच्या वर्षीचाच दिसतोय, तो चालेल का?

अभ्यासू_मांजर | २० ऑक्टोबर, सकाळी ८:४०

चालेल. एका वर्षात फार हलत नाही. फक्त त्या कॉलेजने मधे ऑप्शनलचं सक्तीचं केलं असेल तर तो आकडा जुन्या जगातला समजा. शुभ दीपावली, मुलाला सांग बोर्डाच्या केमिस्ट्रीकडे पण बघ.